रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



कापडाच्या दुकानात साडी किंवा शर्टाचे कापड घेताना ग्राहक एक प्रश्न हमखास विचारतो, ‘रंग पक्का आहे ना?’ दुकानदार छातीठोकपणे हमी देतो आणि व्यवहार पुरा होतो. तरीही घरातील जाणती गृहिणी नवी साडी पहिल्या वेळी मिठाच्या पाण्यात भिजवते आणि इतर कपड्यांपासून वेगळी धुते. धुण्याला, घामाला आणि उन्हाला दाद न देणारा रंग तो चांगला रंग, ही आपली पिढ्यानपिढ्यांची कसोटी आहे. गेल्या दीडशे वर्षांत रसायनशास्त्राने या कसोटीला उतरणारे हजारो रंग तयार केले. परंतु ऊन, साबण आणि घाम यांना पुरून उरणारा हा रंग कापडाला न चिकटता सांडपाण्यात गेला, तर तेथेही तो तितक्याच चिवटपणे टिकतो. कापडावर जो त्याचा गुण, तोच नदीत त्याचा दोष ठरतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हा चिवट रंग पाण्यात कसा मोडतो आणि मोडल्यानंतर मागे काय उरते, हा आहे.

नत्राच्या दोन अणूंची किमया

आज जगात जे कृत्रिम रंग वापरले जातात, त्यांतील निम्म्याहून अधिक, साधारणत: ६० ते ७० टक्के रंग ‘अ‍ॅझो’ या एकाच कुळातील आहेत. नत्रवायूला फ्रेंच भाषेत ‘अ‍ॅझोट’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले. या कुळातील प्रत्येक रंगाच्या रेणूत नत्राचे दोन अणू दुहेरी बंधाने एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बहुधा बेंझिन किंवा नॅप्थॅलिन यांसारखी कार्बनची कडी असतात. नत्राची ही जोडी म्हणजे दोन कड्यांमधला पूल होय. या पुलामुळे इलेक्ट्रॉन संपूर्ण रेणूभर पसरतात, रेणू प्रकाशातील ठरावीक भाग शोषून घेतो आणि उरलेला भाग आपल्या डोळ्यांना रंग म्हणून दिसतो. कड्यांवरचे अणुसमूह बदलले की पिवळा, नारिंगी, लाल, निळा, काळा असा हवा तो रंग मिळवता येतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ज्यांनी मिथिल ऑरेंज हाताळले आहे, त्यांनी आम्लाचे थेंब पडताच पिवळ्याचा लाल होताना पाहिला असेल. तोही अ‍ॅझो रंगच.

हे रंग तयार करण्याची रीत आश्चर्य वाटावे इतकी सोपी आहे. अ‍ॅनिलिनसारखे एखादे ‘अ‍ॅरोमॅटिक अमाइन’ घ्यायचे, बर्फाच्या थंडाव्यात त्यावर आम्ल व सोडियम नायट्राइट यांची क्रिया करायची आणि तयार झालेल्या पदार्थाची दुसऱ्या योग्य रेणूशी जोडणी करायची. बहुतेक वेळा हा दुसरा रेणू अमाइन किंवा फिनॉल यांच्या जातीचा असतो. प्रचंड उष्णता नको, प्रचंड दाब नको. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हे रंग अमाइनपासून बांधले जातात. साहजिकच मधला पूल तोडला, तर हाती पुन्हा अमाइनच येतात. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीभोवती फिरते.

मंजिष्ठ आणि निळीची पीछेहाट

१८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्रज विद्यार्थी मलेरियावरचे क्विनाइन कृत्रिमरीत्या बनवण्याच्या खटपटीत होता. क्विनाइन जमले नाही, जांभळा रंग मात्र हाती लागला आणि कृत्रिम रंगांच्या उद्योगाचा पाया घातला गेला. दोनच वर्षांनी, १८५८ मध्ये, पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अ‍ॅझो रंगांची गुरुकिल्ली ठरलेली डायझो संयुगे शोधली. विशेष म्हणजे या ग्रीस यांनी पुढील आयुष्य इंग्लंडमधील एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून काढले. १८८४ मध्ये ‘काँगो रेड’ बाजारात आला. तोवर सुती कापड रंगवण्यापूर्वी त्याला तुरटीसारख्या पदार्थाचे पाणी द्यावे लागे. काँगो रेडने ही पायरीच काढून टाकली.

या रंगांच्या लाटेपुढे वनस्पतिजन्य रंग टिकले नाहीत. मंजिष्ठेच्या कुळातील मुळांत जे लाल द्रव्य असते, त्यांपैकी अलिझरीन १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले. १८९७ पासून जर्मनीत कृत्रिम नीळ घाऊक प्रमाणात निघू लागली आणि निळीची शेती कोसळली. पुढे १९५६ मध्ये कापसाच्या धाग्याशी रासायनिक बंधच जोडणारे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ रंग आले. आज सुती कपड्यांवर दिसणारे झळझळीत आणि पक्के रंग प्रामुख्याने याच वर्गातील आहेत, आणि त्यांतीलही बहुसंख्य अ‍ॅझो आहेत.

या विद्येत भारतीय मागे राहिले नाहीत. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे पूर्वीच्या ‘यूडीसीटी’चे, पहिले भारतीय संचालक आणि नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही पहिले भारतीय संचालक झालेले डॉ. के. वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावर १९५२ पासून अनेक खंडांचा जो ग्रंथ सिद्ध केला, तो जगभर प्रमाण मानला गेला. म्हणजेच रंग बांधण्याचे शास्त्र आपल्याकडे उत्तम होते आणि आहे. उणीव आहे ती रंग मोडण्याच्या शास्त्राकडे तितक्याच गांभीर्याने पाहण्याची.

रंग नदीपर्यंत कसा जातो?

रंगाच्या कुंडात जितका रंग टाकला जातो, तितका सगळा कापडावर बसत नाही. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांचा एक भाग धाग्याशी जुळण्याऐवजी पाण्याशीच संयोग पावतो आणि निकामी होतो. रंगाची जात, खोली आणि कारागिरी यांनुसार दहा टक्क्यांपासून चाळीस टक्क्यांपर्यंत रंग असा वाया जातो. शिवाय रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलण्यासाठी मीठ लागते, आणि तेही काही वेळा लिटरमागे ५० ग्रॅमहून अधिक. हे मीठ कापडावर राहत नाही, सारेच्या सारे सांडपाण्यात उतरते. त्याच्या जोडीला सोडा असतो. त्यामुळे हे पाणी खारट, अल्कधर्मी, गरम आणि रंगीत असते.

लिटरमागे एक मिलिग्रॅमहून कमी रंगही डोळ्यांना दिसतो. रंगीत पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही. शेवाळ व जलवनस्पती प्रकाशाअभावी प्राणवायू तयार करू शकत नाहीत आणि माशांपासून जिवाणूंपर्यंतची साखळी ढिली होते.

महाराष्ट्राच्या वाचकाला याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. यंत्रमागांची नगरी म्हणून देशभर नाव कमावलेल्या इचलकरंजीत कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने, स्थानिक भाषेत ‘प्रोसेस’, मोठ्या संख्येने आहेत. तेथील एका ओढ्याला लोकांनी नावच ‘काळा ओढा’ असे दिले आहे. हा ओढा पंचगंगेला मिळतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांच्या संगमातून झालेली ही नदी पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. पावसाळ्यात त्या संगमावरचे पाणी दत्तपादुकांना स्पर्शून दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तेव्हा हजारो भाविक त्या प्रवाहात स्नानाला उतरतात.

पंचगंगेच्या दुर्दशेचे खापर केवळ रंगांवर फोडणे योग्य होणार नाही. शहरांचे मैलापाणी हे तिच्या प्रदूषणाचे फार मोठे कारण आहे. तथापि, वस्तुस्थिती अशी की पंचगंगेच्या काठच्या इचलकरंजीला पिण्यासाठी कृष्णेचे पाणी मजरेवाडीहून आणावे लागले, आणि दूधगंगेवरील सुळकूड योजनेवरून २०२३-२४ मध्ये शेजारच्या कागल परिसराशी तीव्र वाद उभा राहिला. दाराशी नदी असताना दुसऱ्याच्या नदीकडे हात पसरण्याची वेळ येते, तेव्हा नदी बिघडवण्याची खरी किंमत कळते.

मोडण्याच्या दोन पायऱ्या

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ओढ्यात गेलेला अ‍ॅझो रंग मोडतो कसा?

सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याची नेहमीची पद्धत म्हणजे टाकीत हवा खेळवणे. प्राणवायूवर जगणारे जिवाणू मैलापाण्यातील सेंद्रिय पदार्थ झपाट्याने खाऊन टाकतात. अ‍ॅझो रंगांपुढे मात्र हे जिवाणू बहुधा हतबल ठरतात. नत्राचा तो पूल इलेक्ट्रॉन स्वत:कडे ओढून धरतो, त्यामुळे प्राणवायूचा हल्ला त्याच्यावर सहज चालत नाही. शिवाय रंग पाण्यात विरघळावा म्हणून त्याला सल्फोनिक आम्लाचे गट जोडलेले असतात, आणि अशा भारित रेणूंना जिवाणूच्या पेशीत शिरणे अवघड जाते. हवेच्या टाकीतून रंग कमी झालेला दिसतो, तेव्हा तो पुष्कळदा मोडलेला नसतो, गाळाला चिकटून बसलेला असतो.

जेथे हवा नाही, तेथे चित्र पालटते. प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंना अन्न पचवताना निघालेले इलेक्ट्रॉन कोणाला तरी द्यावे लागतात. अ‍ॅझो बंध ते आनंदाने स्वीकारतो. चार इलेक्ट्रॉन आणि चार हायड्रोजन मिळाले की पूल मधोमध तुटतो, एका रेणूचे दोन तुकडे होतात आणि रंग नाहीसा होतो. रसायनशास्त्रात या क्रियेला क्षपण म्हणतात. ओढ्याच्या तळातील काळ्या, दुर्गंधीयुक्त गाळात हेच घडत असते.

परंतु हे दोन तुकडे म्हणजे पुन्हा अमाइन. ते बहुधा रंगहीन असतात, म्हणून डोळ्यांना पाणी निवळल्यासारखे वाटते. प्राणवायू नसलेल्या ठिकाणी ही अमाइन सहसा पुढे मोडत नाहीत. त्यांचा निकाल लावायला आता हवा लागते. म्हणून शास्त्रीय उपाय दोन पायऱ्यांचा आहे. आधी हवेविना पूल तोडायचा, नंतर हवा देऊन तुकड्यांचे पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि साधी संयुगे यांत रूपांतर करायचे. दुसरी पायरी गाळली, तर रंग जातो आणि अमाइन राहतात. काही सल्फोनयुक्त अमाइन तर दुसऱ्या पायरीलाही सहजासहजी दाद देत नाहीत, आणि काही अमाइन हवेच्या संपर्कात येऊन पुन्हा रंगीत पदार्थ बनतात.

हाच बंध तुटला आणि प्राण वाचले

बंध तुटल्यावर काय उरते, यालाच खरे महत्त्व असते, हे वैद्यकाच्या इतिहासातील एका घटनेवरून लख्खपणे दिसते. जर्मनीतील गेरहार्ड डोमाक यांनी १९३० च्या दशकात ‘प्राँटोसिल’ नावाच्या लाल अ‍ॅझो रंगाने उंदरांचा जिवाणूसंसर्ग बरा होतो, असे दाखवले. पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचण्याच्या आधीच्या त्या काळात या औषधाने असंख्य प्राण वाचवले आणि १९३९ चे नोबेल पारितोषिक डोमाक यांना जाहीर झाले. गंमत अशी की परीक्षानळीत हे औषध जिवाणूंवर काहीच परिणाम करत नसे. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी त्याचे कोडे उलगडले. शरीरात प्राँटोसिलचा अ‍ॅझो बंध तुटतो आणि त्यातून सल्फानिलामाइड हे अमाइन मोकळे होते. गुण येतो तो त्याचा. लाल रंग केवळ वाहक होता. आजही आतड्यांच्या दाहावर दिले जाणारे सल्फासॅलाझिन हे औषध याच तत्त्वावर चालते. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचा अ‍ॅझो बंध तोडतात आणि औषध नेमके तेथेच मोकळे होते.

तीच क्रिया, तोच बंध. पण तुकडा दुसरा असेल, तर परिणाम उलटा होतो. काँगो रेड तुटला की बेंझिडीन निघते, आणि बेंझिडीन हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. रंगांच्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळतात, हे फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच नोंदवले होते. जपानमध्ये क्योटो येथील किमोनो रंगवणारे कारागीर कुंचल्याचे टोक ओठांनी ओले करत. बेंझिडीनजन्य रंग अशा रीतीने पोटात गेलेल्या या कारागिरांमध्येही हा रोग आढळला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक अ‍ॅझो रंग विषारी नसतो. आपल्या देशात खाद्यपदार्थांसाठी परवानगी असलेल्या आठ कृत्रिम रंगांपैकी टारट्राझिनसह चार रंग अ‍ॅझो आहेत आणि त्यांच्या प्रमाणावर मर्यादा आहे. उलट हळदीत भेसळ म्हणून मिसळला जाणारा मेटॅनिल यलो हाही अ‍ॅझोच, पण अन्नात त्याला पूर्ण मनाई आहे. तेव्हा कुळाच्या नावावरून घाबरणे अशास्त्रीय ठरेल, आणि रंग गेल्यावर निश्चिंत होणेही तितकेच अशास्त्रीय ठरेल.

कापडाची तपासणी होते, ओढ्याची?

जर्मनीने १९९४ मध्ये घातक अमाइन मोकळी करणाऱ्या अ‍ॅझो रंगांवर बंदीचा निर्णय घेतला, तेव्हा भारतीय निर्यातदारांमध्ये मोठी खळबळ उडाली. युरोपीय संघाने २००२ मध्ये तोच नियम सर्व सदस्य देशांना लागू केला. कापडात अशा अमाइनचे प्रमाण किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी ती अट. भारत सरकारनेही १९९३ मध्ये बेंझिडीनजन्य ४२ रंगांवर आणि १९९७ मध्ये आणखी ७० अ‍ॅझो रंगांवर, अशी एकूण ११२ रंगांवर बंदी घातली. हे निर्णय स्वागतार्हच होते.

परंतु त्यांमागची दृष्टी मुख्यत: कापड अंगावर घालणाऱ्याची आणि रंग हाताळणाऱ्याची आहे. नदीकाठच्या माणसाचे काय? २०१६ मध्ये केंद्र सरकारने वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्याची सुधारित मानके जाहीर केली. त्यांत सेंद्रिय भार, क्षार, क्रोमियम, सल्फाइड यांच्यासह रंगाचीही १५० एककांची मर्यादा घातलेली आहे. अ‍ॅरोमॅटिक अमाइनचा मात्र त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. परदेशी ग्राहकासाठी कापडाचा तुकडा प्रयोगशाळेत जातो आणि त्यातील अमाइनचे मोजमाप होते. त्याच कापडाचे पाणी ज्या ओढ्यात जाते, त्याचा मात्र रंग पाहून निकाल दिला जातो. आपल्या खेड्यातील गुराने पिण्याचे पाणी आणि युरोपातील ग्राहकाने अंगावर घालायचा सदरा यांना दोन वेगळे निकष का असावेत, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

रंगावरच नजर ठेवली, तर पळवाटाही रंगाच्याच निघतात. क्लोरीन मिसळले की पाणी पटकन फिके होते, परंतु त्यातून क्लोरीनयुक्त घातक संयुगे निर्माण होऊ शकतात. तुरटी वा चुन्याने रंग तळाशी बसवता येतो, मात्र मग घातक गाळाचे ढीग उभे राहतात आणि पावसाळ्यात पुन्हा नदीची वाट धरतात. स्वच्छ पाणी मिसळून सांडपाणी पातळ करणे ही तर सरळ फसवणूकच.

तिरुप्पूरचा धडा

उपाय नाहीत, असे मुळीच नाही. तामिळनाडूतील तिरुप्पूर हे होजिअरीचे देशातील अग्रगण्य केंद्र. तेथील रंगकामाचे पाणी नोय्यल नदीत जात असे. शेतीसाठी बांधलेले ओरत्तुपाळयम धरण १९९० च्या दशकात या खारट, रंगीत पाण्याचे कुंड बनले आणि ज्यांच्यासाठी धरण बांधले, त्या शेतकऱ्यांनाच न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी, हे तत्त्व उचलून धरले. तरीही सुधारणा झाली नाही, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिरुप्पूरचे सर्व रंग कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. हजारो कामगारांच्या पोटावर पाय आला. मात्र त्यानंतर सामाईक प्रक्रिया केंद्रांनी पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत स्वीकारली. जैविक प्रक्रिया, गाळणी, पडद्यातून पाणी वेगळे करणे आणि उरलेले खारे पाणी आटवणे, अशी ती साखळी आहे. पाणी पुन्हा रंगकामाला वापरले जाते, मिठाचाही मोठा भाग परत मिळवता येतो. खर्च आणि वीज बरीच लागते, उरलेल्या मिश्र क्षारांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तरी उद्योग बुडाला नाही, हे लक्षणीय आहे.

न्यायालयाचा बडगा येईपर्यंत थांबण्याचे कारण मात्र नाही. पंचगंगेच्याच काठी, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील जीवरसायनशास्त्र विभागात कापड उद्योगाचे रंग मोडणारे जिवाणू, बुरशी आणि वनस्पती यांवर वर्षानुवर्षे संशोधन होत आले आहे. झेंडूच्या मुळांची रंग मोडण्याची क्षमताही संशोधकांनी तपासली आहे. लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशींतील विकरे अनेक अ‍ॅझो रंगांवर प्रभावी ठरतात, हेही सिद्ध झाले आहे. ओझोन, तसेच लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड यांची क्रिया हे उपायही उपलब्ध आहेत. प्रयोगशाळेतील चंचुपात्रापासून रोज लाखो लिटर पाणी हाताळणाऱ्या टाकीपर्यंतचा प्रवास हाच खरा अवघड आहे. तो विद्यापीठ, उद्योजक आणि नगरपालिका यांनी एकत्र बसूनच पार पडेल.

सर्वांनी वनस्पतिजन्य रंगांकडे परतावे, असा सल्ला काही मंडळी सद्भावनेने देतात. नीळ, मंजिष्ठ, हळद यांची परंपरा जपलीच पाहिजे, हस्तकलेत तिला मानाचे स्थान मिळालेच पाहिजे. परंतु दीडशे कोटींच्या देशाला कपडे पुरवायचे, तर केवळ त्यावर भागणार नाही, आणि त्या रंगांनाही तुरटी व लोहासारख्या क्षारांची जोड लागते. अधिक व्यवहार्य मार्ग म्हणजे कापडावर अधिक प्रमाणात बसणारे रंग आणि कमी मीठ लागणाऱ्या पद्धती वापरणे, दोन्ही पायऱ्यांची जैविक प्रक्रिया प्रत्येक केंद्रात सक्तीची करणे आणि अमाइनचे मोजमाप मानकांत समाविष्ट करणे.

सामान्य नागरिकाच्या हातीही बरेच आहे. आपल्या गावच्या प्रक्रिया केंद्रात हवाविरहित आणि हवेची अशा दोन्ही टाक्या आहेत का, त्या दिवसरात्र चालतात का, निघालेला गाळ कोठे जातो आणि अमाइनची तपासणी कधी झाली होती, एवढे चार प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. विज्ञानाचे शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन ओढ्याकाठी जाऊ शकतात. उद्योजक हा आपल्याच समाजाचा घटक आहे. त्याच्याशी वैर न धरता, परंतु भीडही न बाळगता, हे प्रश्न त्याच्यासमोर मांडता येतात. काळ्या ओढ्याचे पाणी उद्या फिके झाले, तर त्याचा आनंद मानण्यापूर्वी त्यातील अमाइन गेली का, याचे उत्तर लेखी मागावे. संगमावर स्नानाला उतरणाऱ्याच्या आणि काठावर शेती करणाऱ्याच्या वतीने एवढी दक्षता घेणे, हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.